गेमवाले पोराच्या चेहऱ्याचा व्हिडिओ नाहीतर आमचं आधार मागताहेत, द्यायचं का?

अमळनेरकर_ताई
नमस्कार मंडळी. घरात रोज यावरूनच वाजतंय म्हणून इथे विचारते. मुलगा नववीत आहे, चौदा पूर्ण. मोबाइलवर मित्रांबरोबर एक गेम खेळतो, त्यात एकमेकांशी बोलायची पण सोय आहे. आता त्या गेमने चॅट बंद करून टाकलं आणि म्हणतात आधी वय तपासून घ्या. उघडलं की तीन पर्याय येतात, एक तर समोरच्या कॅमेऱ्यात चेहऱ्याचा व्हिडिओ द्यायचा, म्हणजे गोलात तोंड आणा, डावीकडे वळा, उजवीकडे वळा असं तो सांगत जातो, दुसरा म्हणजे सरकारी ओळखपत्राचा दोन्ही बाजूंनी फोटो, आणि तिसरा म्हणजे आईवडिलांनी स्वतःचं ओळखपत्र देऊन परवानगी द्यायची. पोराने ट्यूबलाइटखाली उभं राहून सुरुवात पण केली होती, मी हातातून फोनच काढून घेतला.

खाली बारीक अक्षरात लिहिलंय की तपासणी "आमचे भागीदार" करतील. कोण भागीदार, कुठल्या देशातले, काही पत्ता नाही, त्यावर क्लिक केलं की इंग्रजीतली पानंच्या पानं उघडतात.

मिस्टर म्हणतात सिमकार्डाला दिलं, गॅसला दिलं, बँकेला दिलं, शिर्डीला गेलो तर लॉजवाल्याला पण झेरॉक्स दिली, आता अजून एकाला दिलं तर काय फरक पडतो. मुलगा म्हणतो सगळ्या वर्गाने दिलं, एकाने तर कॉलेजात जाणाऱ्या चुलतभावाचा चेहरा दाखवला आणि ते चालून पण गेलं! मग हे तपासणं कसलं?

मला एवढंच विचारायचंय की त्या व्हिडिओचं पुढे काय होतं, ते ठेवून घेऊ शकतात का, आपल्याकडे याला काही कायदा आहे का, आणि तिन्हीतलं काहीच न देता काम भागतं का. कोणाला नीट माहीत असेल त्यांनीच सांगा, ऐकीव नको.

धुळे_१८
ताई मास्क आधार द्या, नंबर दिसत नाही, विषय संपला.

चोपड्याचा_ईसेवावाला
विषय नाही संपत भाऊ. मास्क आधारमध्ये नंबरचे पहिले ८ अंक झाकलेले असतात, शेवटचे ४ दिसतात, एवढंच. नाव, जन्मतारीख, फोटो, पत्ता सगळं तसंच राहतं. लॉजवर, भाडेकरारात पूर्ण आधार देण्यापेक्षा मास्क दिलेलं कधीही चांगलं, ते मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, पण एका गेमला पोराचा पत्ता आणि फोटो कशाला पाहिजे हा प्रश्न त्याने सुटत नाही.

आता ताईंच्या मिस्टरांच्या बोलण्यावर लिहितो, कारण दुकानात दिवसातून कितीतरी वेळा हेच ऐकतो, "सगळीकडे दिलेलंच आहे". माझं केंद्र आहे, आधार, पॅन, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा सगळी कामं होतात. लोक काय करतात, दुकानाच्या व्हॉट्सॲपला आधारची पीडीएफ पाठवतात आणि खालीच पासवर्ड टाइप करून देतात, नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल. प्रिंट घेतात आणि निघून जातात. फाइल कुठे राहिली याचा विचार कोणी करत नाही. मी शटर ओढायच्या आधी डाउनलोडचं फोल्डर रिकामं करतो, व्हॉट्सॲपवरचं पण काढून टाकतो, पण असं फोल्डर गावागावात प्रत्येक झेरॉक्सच्या कॉम्प्युटरवर आहे आणि सगळे रिकामं करतात असं मी छातीठोक सांगू शकत नाही. काही ठिकाणी त्याच कॉम्प्युटरवर शाळेची पोरं प्रोजेक्टचे प्रिंट काढायला बसतात.

तर मिस्टरांना सांगा, आधी दिलंय म्हणून पुढचं देणं बिनधोक होत नाही, उलट जितक्या जागी कागद तितक्या जागून निघायची भीती. आणि आधी दिलेल्याचा हिशोब घरी बसून बघता येतो. संचार साथीच्या वेबसाइटवर आपल्या नावावर किती सिमकार्ड चालू आहेत ते कळतं, अनोळखी नंबर दिसला तर तिथूनच कळवता येतं. माय आधारवर लॉगिन करून ऑथेंटिकेशन हिस्ट्री बघा, मागच्या ६ महिन्यांत तुमचं आधार कुठे कुठे वापरून पडताळणी झाली ते येतं, पण झेरॉक्स कोणी कुठे वापरली ते त्यात येत नाही हे लक्षात ठेवा. बायोमेट्रिक लॉक करून ठेवा, रेशनला किंवा बँकेत अंगठा लागला की तेवढ्यापुरतं उघडायचं. आणि झेरॉक्स द्यायचीच वेळ आली तर त्यावर आडवं लिहा, कशासाठी दिली, कोणाला दिली, तारीख, आणि सही त्या अक्षरांवरूनच गेली पाहिजे.

शिरपूरना_पोऱ्या
ताई, आजिबात देऊ नका. मना भाचाले बी तसंच इचारं त्या गेमवालानी. आम्ही चॅट बंदच ठेवलं, गेम चालू आहे, काही अडत नाही त्याचं.

रावेर_ते_पुणे
मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, गाव रावेरकडे, नोकरी पुण्यात. ओळख पडताळणीच्या सिस्टीमवर काम केलेलं आहे म्हणून जरा आतलं सांगतो, लांबेल पण ताईंनी ऐकीव नको म्हटलंय.

पहिली गोष्ट, वय सांगणं आणि ओळख सांगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सगळा घोळ इथेच होतो. गेमला फक्त एवढंच पाहिजे की हा मुलगा अमुक वयाच्या वर आहे की खाली. त्याचं उत्तर हो किंवा नाही. पण ते एक हो-नाही काढायला ते नाव, जन्मतारीख, पत्ता, फोटो, कागदाचा नंबर सगळं गोळा करतात. पूर्वी थिएटरचा डोअरकीपर मोठ्यांच्या पिक्चरला पोरं आली की तोंडाकडे बघून हाकलायचा नाहीतर सोडायचा, पोरांचा फोटो काढून घरी नेत नव्हता. इथे तो फोटो जातो, आणि कुठे जातो ते तुम्हाला कळत नाही.

चेहऱ्याच्या व्हिडिओत दोन प्रकार असतात. एकात सॉफ्टवेअर चेहऱ्यावरून वयाचा अंदाज बांधतं, तुम्ही कोण आहात हे त्याला कळायची गरज नसते, आणि चांगल्या पद्धतीत हे काम फोनमध्येच होतं, बाहेर फक्त उत्तर जातं. दुसऱ्यात तुमचा चेहरा ओळखपत्रावरच्या फोटोशी जुळवतात, म्हणजे दोन्ही त्यांच्या सर्व्हरवर. डावीकडे वळा उजवीकडे वळा हे दोन्हीत असतं, समोर फोटो धरलाय की जिवंत माणूस आहे ते बघायला. त्यामुळे पडद्यावर बघून कुठला प्रकार आहे ते सांगता येत नाही, त्यांच्या पॉलिसीत शोधावं लागतं.

आणि अंदाज हा अंदाजच. अमेरिकेच्या निस्ट या सरकारी संस्थेने २०२४ मध्ये अशी ६ सॉफ्टवेअर तपासली, एकही सगळ्या बाबतीत सरस नव्हतं, आणि बायकांच्या चेहऱ्यांवर चुका जवळपास नेहमीच जास्त निघाल्या. सतरा वर्षांची मुलगी एकोणीसची आणि एकोणीसची सतराची ठरणं सहज होतं. मग ज्याचं वय चुकीचं ठरलं तो तक्रार करतो, आणि तक्रार केली की सांगतात आता ओळखपत्र द्या. म्हणजे चेहऱ्यापासून सुरू झालेलं परत कागदावरच येतं.

आता "आमचे भागीदार" हे का धोक्याचं ते सांगतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्ड या गेम खेळणाऱ्यांच्या चॅट ॲपने स्वतः जाहीर केलं की त्यांच्या ग्राहक सेवेचं काम बघणाऱ्या बाहेरच्या कंपनीतून डेटा गेला, त्यात सुमारे ७० हजार लोकांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो असू शकतात. ते कोणाचे होते माहितीये? ज्यांचं वय चुकीचं ठरलं आणि ज्यांनी दाद मागायला ओळखपत्र पाठवलं त्यांचे. त्याच्या आधी जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत टी नावाच्या बायकांसाठीच्या ॲपमधून ७२ हजारांच्या आसपास फोटो बाहेर पडले, त्यातले १३ हजार पडताळणीसाठी घेतलेल्या सेल्फी आणि ओळखपत्रांचे होते. सुरक्षेसाठी म्हणून बायकांनी दिलेले फोटो. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, चौदा वर्षांच्या पोराचा चेहरा आणि जन्मतारीख कशी बदलणार?

भुसावळची_मावशी
वरचं सगळं वाचलं, माहिती चांगली आहे, पण मी वेगळं बोलणार आहे आणि रागावू नका.

माझ्या बहिणीची मुलगी सहावीत असताना अशाच एका गेममध्ये एक जण तिच्याशी रोज बोलायचा. म्हणायचा मी पण सहावीत, नाशिकला. आधी गेममधली नाणी द्यायचा, मग शाळेचं नाव विचारलं, मग युनिफॉर्ममधला फोटो मागितला, मग दुसऱ्या ॲपवर ये म्हणाला. तो मोठा माणूस होता. पोरगी रात्री झोपेना, जेवेना, सांगेना. बहिणीला कळलं तेव्हा आम्ही १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला, त्यांनी सायबरच्या वेबसाइटवर तक्रार नोंदवायला सांगितली, आम्ही ती केली, पोरीला सावरायला पुष्कळ वेळ गेला. त्या गेममध्ये वय म्हणून काय विचारायचे? जन्मसाल निवडा. कोणीही काहीही निवडावं.

त्यामुळे कोणी म्हटलं की वय तपासूच नका, की मला ते पटत नाही. लहान पोरांच्या खोलीत मोठा माणूस शिरू नये याची काहीतरी व्यवस्था पाहिजेच. ज्यांच्या घरात हे झालं नाही त्यांना प्रायव्हसी मोठी वाटते, ज्यांच्या घरात झालं त्यांना विचारा.

रावेर_ते_पुणे
मावशी, रागवायचं काही कारणच नाही, तुमचं म्हणणं खरं आहे. जन्मसाल निवडा ही तपासणी नव्हेच. पण दोन गोष्टी बघा. ताईंच्या मुलाच्या मित्राने चुलतभावाचा चेहरा दाखवला आणि तो मोठ्यांत गेला. उद्या एखादा तिशीतला माणूस पुतण्याचा चेहरा दाखवून पोरांच्या गटात बसला तर? तेव्हा तो नुसता खोटा नाही, "तपासलेला" खोटा असेल, आणि पोरं त्याच्यावर जास्त विश्वास ठेवतील. दुसरं म्हणजे जो डेटा फुटतो तो या पोरांचाच असतो, त्यात चेहरा, खरं नाव, घराचा पत्ता. तुमच्या भाचीला त्रास देणाऱ्याला शाळेचं नाव काढायला गोड बोलावं लागलं, फुटलेल्या यादीत ते आयतं मिळतं.

अनोळखी मोठ्या माणसाला पोरांशी बोलताच येऊ नये, नाणी-भेटवस्तू पाठवता येऊ नये, मित्र नसलेल्याचा मेसेज यायलाच नको, हे सगळं ओळखपत्र न मागता ॲपमध्ये मुळातच बंद ठेवता येतं. ते आधी करा म्हणावं.

भुसावळची_मावशी
हे पटलं. मुळातच बंद पाहिजे हे शंभर टक्के. तेव्हा ते असतं तर आमच्याकडे ते झालंच नसतं. तपासणी मात्र त्याच्या जोडीला लागेलच असं मला अजून वाटतं.

जळगाव_कोर्ट
वकील आहे, ताईंच्या कायद्याच्या प्रश्नाला उत्तर देतो.

प्रायव्हसी हा मूलभूत अधिकार आहे हे सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांच्या खंडपीठाने ऑगस्ट २०१७ मध्ये पुट्टस्वामी प्रकरणात सांगितलं. त्याच्या पुढच्या वर्षी सप्टेंबर २०१८ मध्ये आधारचा निकाल आला, त्यात आधार कायद्याच्या कलम ५७ मधला खासगी कंपन्यांना आधार वापरू देणारा भाग रद्द झाला. २०१९ मध्ये दुरुस्ती करून स्वेच्छेने आधार दाखवायची वाट ठेवली, पण स्वेच्छेने म्हणजे स्वेच्छेने. "आधार दिल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही" असं खासगी गेम म्हणत असेल तर ती स्वेच्छा राहत नाही.

मग डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा २०२३. यात १८ च्या खालचा प्रत्येक जण मूल. कलम ९ म्हणतं मुलाचा डेटा वापरायचा तर पालकाची पडताळता येईल अशी संमती घ्या, मुलांवर पाळत ठेवू नका, त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवू नका. मुलांबाबतची ही बंधनं मोडली तर २०० कोटी रुपयांपर्यंत दंड. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण कंपन्यांवरच्या बहुतेक जबाबदाऱ्यांना दीड वर्षाची मुदत दिलेली आहे. त्यामुळे कंपन्यांची आत्ताच तयारी चाललीय आणि असे पडदे अजून वाढणार हे धरून चाला.

यात एक अडचण अशी आहे की मूल कोण हे कळायला आधी सगळ्यांनाच वय विचारावं लागतं, अगदी साठीच्या माणसाला पण. आणि पालक म्हणून जो संमती देईल तो ओळख पटणारा सज्ञान माणूस आहे एवढं तपासा असं नियमात आहे, तो खरंच या मुलाचा बाप आहे का हे कसं तपासायचं याची ठोस पद्धत दिलेली नाही. म्हणजे तो चुलतभाऊ इथेही चालून जाईल.

बरी बाजू पण सांगतो. पालकाची तपासणी दर वेळी कागद अपलोड करूनच व्हावी असं नियम म्हणत नाही. कंपनीकडे पालकाची खात्रीची माहिती आधीच असेल तर ती चालते, किंवा डिजिलॉकरसारख्या अधिकृत ठिकाणाहून आलेलं टोकन चालतं, म्हणजे कागद न जाता फक्त खात्री जाते. कायद्यात अजून एक छान उदाहरण दिलेलं आहे, डॉक्टरच्या सल्ल्याच्या ॲपने फोनमधली नावं-नंबर बघायची संमती घेतली तरी ती धरली जाणार नाही कारण त्या कामाला त्याची गरज नाही. हेच तत्त्व पत्त्याला लावा, वय तपासायला घराचा पत्ता लागत नाही. आणि काम झाल्यावर डेटा पुसून टाकणं ही पण कंपनीची जबाबदारी आहे.

खोटी जन्मतारीख टाका असा सल्ला इथे कोणी देऊ नका. याच कायद्यात लोकांवरही काही कर्तव्यं आहेत, दुसऱ्याची ओळख घेऊन माहिती देऊ नये त्यातलंच, १० हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पोरांना चुलतभावाचा चेहरा दाखवायची सवय लागणंही चांगलं नाही.

सातपुड्यातले_गुरुजी
धडगाव तालुक्यात शिक्षक आहे. शहरात बसून कळणार नाही अशा दोन गोष्टी सांगतो.

आमच्या शाळेचं जुनं जनरल रजिस्टर उघडा. ओळीच्या ओळी जन्मतारीख १ जून. सातबाऱ्यावरची म्हातारी माणसं सोडा, आजच्या बऱ्याच पालकांची पण तीच तारीख. घरी जन्माची नोंद नाही, शाळेत घालताना गुरुजींनी अंदाजाने वय धरलं आणि जून महिन्यात शाळा उघडते म्हणून १ जून लिहिली. तीच तारीख दाखल्यावर, तीच पुढे आधारवर. आधारवरची जन्मतारीख म्हणजे वयाचा पक्का पुरावा नाही, सुप्रीम कोर्टाने पण ऑक्टोबर २०२४ मध्ये एका अपघाताच्या भरपाईच्या खटल्यात आधारपेक्षा शाळा सोडल्याचा दाखला धरला. आता आमच्याकडे तर दाखलाच अंदाजाचा. मग एखाद्या कॉम्प्युटरने ती तारीख बघून "हा १८ चा, हा १७ चा" असा निवाडा करायचा, त्याला पाया काय? एखादा पोरगा प्रत्यक्षात एकोणीसचा असतो आणि कागदावर सतराचा, त्याला प्रत्येक गोष्टीला बापाची संमती लागणार, आणि बाप ऊसतोडीला गुजरातेत.

दुसरी गोष्ट मुलींची. पाड्यावर घरात एक स्मार्टफोन, तो बापाच्या नाहीतर मोठ्या भावाच्या खिशात. अकरावी-बारावीच्या मुली त्याच फोनवर थोडा वेळ मिळेल तसं शिकतात, नर्सिंगच्या ॲडमिशनची माहिती काढतात, पाळीबद्दल आईला विचारता येत नाही ते वाचतात. आता १८ पर्यंत प्रत्येक ॲपला पालकाची संमती म्हटलं तर ती मुलगी काय वाचते हे आधी बाप ठरवणार. काही बाप चांगले आहेत, माझ्या ओळखीत आहेत. पण ज्या घरात सतराव्या वर्षी लग्नाची बोलणी चालू असतात त्या घरातल्या मुलीने मदतीसाठी कुठे बोलायचं असेल तर तिने संमती कोणाची घ्यायची? शाळा आणि आरोग्य सेवा यांना नियमांत काही सूट आहे, तेवढी चांगली गोष्ट, पण मुलगी मदत शोधते ती नेहमी दवाखान्याच्याच ॲपवर शोधत नाही.

संरक्षण पाहिजे, मावशींशी मी सहमत आहे. पण पाच वर्षांचं पोर आणि साडेसतरा वर्षांची मुलगी एकाच खान्यात घातली की साडेसतराच्या मुलीचं नुकसान होतं. हे मला रोज दिसतं म्हणून एवढं लिहिलं.

धुळे_१८
सर हे डोक्यातच आलं नव्हतं. बाकी देशांत कसं करतात? ऑस्ट्रेलियात तर डायरेक्ट बंदी घातली ना पोरांना?

रावेर_ते_पुणे
हो, १६ च्या खालच्यांना सोशल मीडियाचं खातं नाही, १० डिसेंबर २०२५ पासून, आणि कंपनीने हयगय केली तर दंड ४.९५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. पण त्यांच्या कायद्यातल्या दोन गोष्टी आपल्याकडे पण पाहिजेत असं मला मनापासून वाटतं, एक म्हणजे सरकारी ओळखपत्र हा एकच पर्याय ठेवता येत नाही, दुसरा मार्ग द्यावाच लागतो, आणि वयासाठी घेतलेली माहिती ते काम झालं की नष्ट करावी लागते. ब्रिटनमध्ये २५ जुलै २०२५ पासून अश्लील साइटना वय तपासणं सक्तीचं झालं तर लगेच व्हीपीएनचे, म्हणजे आपण दुसऱ्याच देशातून आलोय असं दाखवणाऱ्या ॲपचे, डाउनलोड एकदम वाढले, लोकांनी ओळख देण्यापेक्षा पळवाट धरली. आणि फुकटचे व्हीपीएन कोण चालवतं, तुमचं काय काय बघतं, कोणालाच माहीत नसतं, पोरं आगीतून फुफाट्यात.

युरोपियन युनियनने जुलै २०२५ मध्ये एका ॲपचा नमुना काढला, डेन्मार्क, फ्रान्स, ग्रीस, इटली, स्पेनमध्ये त्याची चाचणी ठरली. त्यात साइटला फक्त "१८ च्या वर आहे" एवढंच कळतं, नाव नाही, जन्मतारीख पण नाही. आपल्याकडे आधारच्या नव्या ॲपमध्ये हवी तेवढीच माहिती दाखवायची सोय आलेली आहे, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या अशक्य असं काही राहिलेलं नाही. कंपन्यांनी ते वापरायला पाहिजे, पण पूर्ण कागद मागणं त्यांना सोपं पडतं आणि आपण देतो.

अमळनेरकर_ताई
सगळ्यांचे खूप आभार, मिस्टरांना पूर्ण वाचून दाखवलं. संचार साथीवर बघितलं तर त्यांच्या नावावर एक नंबर निघाला जो आमच्या घरात कोणाचाच नाही! तो लगेच "माझा नाही" म्हणून कळवला. त्यानंतर "काय फरक पडतो" हे बोलणं बंद झालंय.

मुलाला पण बसवून सांगितलं. तो ऐकतो पण म्हणतो मित्र बोलतात आणि मी एकटाच मुका. तर आता नेमकं काय करू? चॅट बंद ठेवलं तर ठीक आहे, पण उद्या गेमच बंद केला तर? आणि ट्यूबलाइटखाली सुरुवात केली होती तो अर्धा व्हिडिओ गेला असेल का?

रावेर_ते_पुणे
अर्धा व्हिडिओ गेला असेल की नाही हे बाहेरून सांगता येणार नाही, म्हणून ते त्यांनाच लेखी विचारा. मित्रांशी बोलायचं असेल तर खेळताना साधा ग्रुप कॉल लावा, वर्गातली ओळखीची पोरं आहेत, त्याला गेमचं चॅट कशाला पाहिजे. फोनमधून त्या गेमची कॅमेऱ्याची परवानगी काढून टाका, सेटिंगमध्ये ॲपच्या नावावर गेलं की परवानग्या दिसतात. आणि पुढे कधी द्यायचीच वेळ आली तर माझ्या मते ओळखपत्रापेक्षा चेहऱ्यावरून अंदाज हा पर्याय कमी नुकसानीचा, पण काम फोनमध्येच होतं आणि व्हिडिओ पुसला जातो असं त्यांनी स्पष्ट लिहिलेलं असेल तरच. नसेल तर चॅट गेलं तरी चालेल.

जळगाव_कोर्ट
लेखी विचारायचं असेल तर तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल करा, ॲपच्या नाहीतर वेबसाइटच्या तळाशी पत्ता असतो. २०२१ च्या आयटी नियमांनुसार अशा प्लॅटफॉर्मने तक्रार मिळाल्याचं २४ तासांत कळवायचं आणि ७ दिवसांत निकाली काढायची (फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीआधी १५ दिवस होते). समाधान नाही झालं तर ३० दिवसांच्या आत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं, वकील लागत नाही. मजकूर साधारण असा ठेवा, मराठीत लिहून खाली इंग्रजी भाषांतर जोडा:

"माझ्या १४ वर्षांच्या मुलाच्या खात्यावर आपण वयाची पडताळणी मागितली आहे. पालक म्हणून मी चेहऱ्याचा व्हिडिओ किंवा ओळखपत्र देण्यास संमती दिलेली नाही. अर्धवट झालेल्या पडताळणीत काही चित्रीकरण आपल्याकडे किंवा आपल्या भागीदाराकडे पोहोचले असल्यास ते पुसून टाकावे आणि पुसल्याचे लेखी कळवावे. पडताळणी करणाऱ्या भागीदार कंपनीचे नाव, ती माहिती कोणत्या देशात ठेवते आणि किती काळ ठेवते, हे कळवावे. ओळखपत्र किंवा चेहरा न देता वय सिद्ध करण्याचा कोणता मार्ग उपलब्ध आहे, हेही कळवावे."

चोपड्याचा_ईसेवावाला
मेलमध्ये मुलाचं युजरनेम टाका म्हणजे त्यांना खातं सापडेल, पण त्याचं पूर्ण नाव, शाळा, आधार नंबर काहीही टाकू नका. ते उत्तरात म्हणतील की तक्रार पुढे न्यायला आधी तुमचं ओळखपत्र पाठवा, तर तिथेच थांबा आणि इथे लिहा. खात्याला जोडलेल्या मेलवरूनच पाठवलं की तेवढी ओळख पुरायला पाहिजे.

अमळनेरकर_ताई
खातं माझ्याच मेलवरून उघडलेलं आहे, त्यामुळे तसंच करते. आज रात्री पाठवते, उत्तर आलं की नावं झाकून इथे टाकते. वर्गातल्या बाकीच्या आयांच्या ग्रुपवर पण मजकूर टाकलाय, दोघीतिघींनी व्हिडिओ आधीच दिलेला आहे, त्यांनी पुसून टाका म्हणून वेगळं काय लिहायचं ते वकीलसाहेबांनी सांगितलं तर बरं होईल.

जळगाव_कोर्ट
पहिल्या दोन वाक्यांऐवजी "अमुक तारखेला दिलेली संमती मी पालक म्हणून मागे घेत आहे" असं लिहायला सांगा, तिसऱ्या वाक्यातला "अर्धवट" हा शब्द गाळा, बाकी सगळं तेच. दिलेली संमती मागे घेता येते. पाठवलेल्या मेलचा स्क्रीनशॉट प्रत्येकीने जपून ठेवा, अपिलाला लागेल.